यहूदाचा दोष काय?

आज उपासनेनंतरच्या बायबल अभ्यासात अकरावीतल्या एका मुलाने विचारलं, "देवाने सगळं आधीच ठरवलं होतं, तर यहूदा इस्कार्योताचा दोष काय?" यहूदा म्हणजे येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा त्याचाच शिष्य. मोठी माणसं गप्प झाली. मला मात्र फार आनंद झाला. मंडळीत असे प्रश्न मोकळेपणाने विचारले गेलेच पाहिजेत.

वाद जुना आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस हे दोन ख्रिस्ती विचारवंत यावरून एकमेकांविरुद्ध उभे राहिले: ऑगस्टीनचा भर देवाच्या कृपेवर, पेलागियसचा माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर. पुढे 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांची मतं फेटाळली. माणूस देवाची कृपा नाकारू शकतो, हे त्यातलंच एक मत. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या आजही ते मानतात.

मी लूकच्या शुभवर्तमानातल्या 22:22 या वचनाजवळ थांबतो. मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) ठरल्याप्रमाणे मरणाकडे जात आहे, असं येशू म्हणतो आणि त्याच दमात त्याला धरून देणाऱ्यासाठी हळहळतो. यहूदा नुसती कळसूत्री बाहुली असता तर ही हळहळ कशासाठी? येशूचा शिष्य पेत्रही पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी लोकांना दोन्ही एकत्रच सांगतो (प्रेषितांची कृत्ये 2:23): योजना देवाची होती, आणि येशूला मारलंत तुम्ही. दोन्हींचा मेळ कसा बसतो ते तो सांगत नाही. पण यातलं एकही सोडायला मी तयार नाही.

म्हणूनच "देवाचीच इच्छा" म्हणत अन्यायावर पांघरूण घातलं की मला राग येतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका ताईंना हे ऐकवलेलं मी पाहिलंय. मारणारा हात त्या माणसाचा होता. ऐकवणाऱ्यांशी तेव्हा भांडलो होतो, आजही भांडेन.