तुम्ही विचारलंत म्हणून: फोनला कुलूप का?

चवथीला येणारी माणसं गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघून झाली की सोप्यातल्या काळ्या फोनपाशी थांबतात आणि विचारतात, "लाईन कधीच काढलीय ना? मग डायलला कुलूप कशाला?" इतकी वर्षं मी बगल दिली. जुन्या वस्तूंची आवड आहे, म्हणाले. नाहीतर बेकलाइटवर, म्हणजे फोनच्या त्या जुन्या कडक प्लॅस्टिकवर, बोलत राहिले: नॉर्वेच्या जाँ हायबर्ग या चित्रकाराने १९३०च्या सुमारास एरिक्सन या स्वीडनच्या टेलिफोन कंपनीसाठी फोनची अशी घडण केली, हात फिरवून बघा, कुठे कोपरा टोचत नाही. हे खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण ते उत्तर नव्हे.

कुलूप बाबांनी घातलं. अर्धा वाडा आमच्याकडे फोन करायला यायचा आणि बिल आमच्या नावावर. १ च्या भोकात कुलूप अडकवलं की डायल एकाच्या पुढे सरकत नाही. बाबांना चिकट म्हणू नका. शाळामास्तरचा पगार होता.

१९८८चा पावसाळा. बाबा सावंतवाडीला कुणाच्या तरी बाराव्याला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. रात्री आजीला धाप लागली. वीज गेली होती, पण फोनला वीज एक्स्चेंजकडून येते, त्यामुळे टोन होता. डायल परत येताना लाईन तोडतो आणि जोडतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. तीनला तीनदा, शून्याला दहादा. रिसीव्हर ठेवायचा खटका दाबूनही तेच होतं. बाबांच्या नकळत मैत्रिणीला मी असेच फोन लावायचे, म्हणून हात बसलेला होता. त्या रात्री बसेना. डॉक्टरांच्या नंबरात शेवटी शून्य. आई आजीची पाठ चोळत होती, मी कंदिलाच्या उजेडात टकटक करत मोजत होते. पहिल्यांदा नऊच झाले असावेत. दुसऱ्यांदा झोपेतल्या कुणीतरी शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मध्येच थबकले आणि लाईन तुटली. चौथ्यांदा डॉक्टर बोलले. ते स्कूटरवरून भिजत आले तेव्हा आजीचा हात माझ्या हातात गार होत चालला होता.

सकाळी बाबा आले. भरल्या घरात, सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आता उघडा कुलूप." त्यांनी उघडलं. एक शब्द बोलले नाहीत.

मी पंधरा वर्षांची होते, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते पुरत नाही, कारण पुढचं मी मोठी होऊनही केलं. आजीच्या बाराव्याला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाय, मी अर्धा तास आधी आलो असतो तरी काही झालं नसतं." हे मी बाबांना सांगितलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, नंतर आता कशाला जुनं उकरायचं म्हणून. २०११ साली ते गेले.

त्यांच्या कपाटात कुलूप सापडलं, टेलिफोनच्या जुन्या बिलात गुंडाळलेलं, किल्लीसकट. मीच ते परत डायलला लावलं. ही शिक्षा त्यांना की मला, असं भाऊ विचारतो. कधी वाटतं, त्यांची वस्तू तिच्या जागी ठेवली, एवढंच. कधी तेही पटत नाही.

पावसाळ्यात कुलूप गंजतं. चवथीआधी खोबरेल घालून एकदा उघडते, डायल शून्यापासून फिरवून सोडते, तो घरघरत जागेवर येईपर्यंत थांबते. मग परत लावते.