काकांचं नाव काढायचं नाही

न्यू जर्सीत आमचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन निवडायची वर्षातली मुदत, १ नोव्हेंबरला सुरू होतं आणि २०२६ च्या प्लॅनसाठी ते ३१ जानेवारीपर्यंत होतं, पण १ जानेवारीपासून कव्हरेज पाहिजे असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत प्लॅन निवडावा लागतो. त्यामुळे सगळे थर्टी फर्स्टच्या गडबडीत असतात तेव्हा आमच्या ऑफिसात बसायला खुर्ची नसते. मी एका नॉनप्रॉफिटमध्ये लोकांना हेल्थ इन्शुरन्सचे अर्ज भरून देते. ज्यांना नोकरीतून इन्शुरन्स नाही ते सगळे आमच्याकडे येतात, टॅक्सीवाले, दुकानवाले, कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे आयटीवाले, आणि एडिसन-इझेलिनचा भाग म्हटल्यावर दिवसभरात गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी सगळं कानावर पडतं. आमची फी नाही, कमिशन नाही, आणि "हाच प्लॅन घ्या" असं सांगायची परवानगीही नाही. समोर मांडायचं, नीट समजावायचं, निर्णय त्यांचा.

२०२५ चं वर्षअखेर मात्र नेहमीसारखं नव्हतं. इन्शुरन्सच्या हप्त्यावर केंद्राकडून २०२१ पासून जी वाढीव सबसिडी मिळत होती ती डिसेंबरअखेर संपत होती. त्याच वादावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथलं केंद्र सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं आणि तरी हाती काही लागलं नाही. वाढीव सबसिडीच्या काळात कितीही इन्कम असलं तरी बेंचमार्क सिल्व्हर प्लॅनसाठी (ज्या मधल्या प्रतीच्या प्लॅनवरून सबसिडीचा हिशोब होतो तो) इन्कमच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागत नव्हतं. आता जुना नियम परत आला, म्हणजे गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंतच केंद्राची मदत. दोघांच्या घरासाठी २०२६ ला हा आकडा ८४,६०० डॉलर. ८४,६०० पर्यंत मदत आहे, त्याच्यावर एक डॉलर गेला की केंद्राचं शून्य. राज्याची स्वतःची थोडी मदत असते पण तिने हा खड्डा भरत नाही. ह्या काठाला सगळे क्लिफ म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे, कारण तिथे उतार नाहीच, सरळ कडाच आहे.

३१ डिसेंबरला दुपारी दीडच्या सुमारास एक काका-काकू आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) काका ६१, काकू ५८, मूळचे नाशिककडचे, इथे पंचवीस-एक वर्षं. काकांची कंपनीतली नोकरी दोन-तीन वर्षांपूर्वी गेली, कोब्रावर, म्हणजे जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवून, १८ महिने काढले, आता ते १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर म्हणून नाही तर स्वतंत्रपणे, कॉन्ट्रॅक्ट करतात आणि काकू घरून डबे देतात. काकांनी खुर्चीवर बसायच्या आधीच इन्शुरन्स रिन्यूअलचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, एकच काम आहे, पाच मिनिटांचं. माझं नाव काढायचंय. हिचं राहू द्या."

काकू काहीच बोलल्या नाहीत. मांडीवरच्या पर्सचा बंद बोटांनी कुरवाळत होत्या, आणि बोटं बघितली मी, सांधे सुजलेले, उजव्या हाताची दोन बोटं बाजूला वळलेली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. ह्या हातांनी रोज पोळ्या लाटतात त्या. मागून म्हणाल्या की इंजेक्शन सुरू झाल्यापासून लाटता येतं, त्याआधी दोन वर्षं कणीकसुद्धा काकाच मळायचे. इंजेक्शनची पेनं फ्रिजमध्ये कणकेच्या डब्याशेजारीच असतात म्हणे. त्या इंजेक्शनची मूळ किंमत बघितली तर छातीत धडकी भरते, ते इन्शुरन्सशिवाय घेणं कुणालाच शक्य नाही.

पत्र वाचलं. गेल्या वर्षी दोघांचं मिळून महिन्याला सहाशेच्या आसपास जात होतं. तोच सिल्व्हर प्लॅन आपोआप रिन्यू झाला तर जानेवारीपासून दोन हजार चारशेच्या वर. काकांनी हिशोबाची वही काढली, ती लाल बाइंडिंगची रेघांची वही, आपल्याकडे किराणा दुकानात असते तशी, बहुतेक भारतातूनच आणलेली. त्यात अगदी सुबक अक्षरात सगळं मांडलेलं. काकूंचं एकटीचं साडेअकराशे महिना, वर्षाचे तेरा हजार आठशे. ते कुठून आणायचे तर जुन्या कंपनीच्या ४०१-के मधून, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या खात्यातून, पंधरा हजार काढायचे, वय साडेएकोणसाठच्या पुढे आहे म्हणजे दंड लागत नाही, हेही त्यांनी बघून ठेवलेलं. आणि स्वतःचं काय तर "मला काय होतंय, मी ठणठणीत आहे, चार वर्षांनी मेडिकेअर लागेलच." मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी इन्शुरन्स.

चार वर्षं! एकसष्टाव्या वर्षी ह्या देशात चार वर्षं विनाइन्शुरन्स राहायचं म्हणजे एक साधा अपेंडिक्स किंवा एक अँजिओप्लास्टी झाली तरी घर विकायची वेळ येऊ शकते, आणि हे काकांना कळत नव्हतं असं अजिबात नाही, त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी फक्त दोघांतलं कोण आधी हे ठरवून टाकलं होतं. शिवाय न्यू जर्सीत २०१९ पासून इन्शुरन्स नसला तर राज्याचा टॅक्स भरताना दंडही आहे, ते मी सांगितलं, तर म्हणाले माहितीये, तोही धरलाय. वहीत खरंच धरला होता.

माझी त्या वहीतल्या पंधरा हजारांवर नजर अडकली. मी विचारलं, "काका, हे पंधरा हजार तुम्ही अर्जात इन्कम म्हणून धरलेत का?" म्हणाले, "हो तर, खोटं कशाला लिहायचं, ४०१-के मधून काढले की इन्कमच ना ते." अगदी बरोबर आहे, ते इन्कमच धरतात. दोघांच्या धंद्याचा खर्च वजा जाता नफा ८८,००० आणि वर हे १५,०००, म्हणजे अर्जावर १,०३,०००. त्यावर केंद्राची सबसिडी शून्य. आणि सबसिडी शून्य म्हणून ४०१-के मोडायचा!

अर्जात इन्कमच्या पुढच्याच पानावर डिडक्शन्सचा, म्हणजे वजावटींचा, भाग असतो. बहुतेक लोक तिथे "नाही" वर क्लिक करून पुढे जातात कारण आपल्याला काय डिडक्शन असणार असं वाटतं. काकांचंही तसंच कोरं होतं. स्वतःच्या धंद्यावर जो सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो त्याचा अर्धा भाग इन्कममधून वजा होतो, आणि मार्केटप्लेस (हे प्लॅन जिथे घेतात ते सरकारी पोर्टल) जे इन्कम बघतं ते हा भाग वजा करूनच. नोकरीत असताना हा अर्धा कंपनी भरत असते त्यामुळे नोकरीतून आलेल्या माणसाला ह्याची कल्पनाच नसते. ८८,००० वर तो अर्धा येतो साधारण सहा हजार दोनशे. कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, एक्क्याऐंशी हजार सातशे-आठशे. ४०१-के ला हात लावला नाही तर ते कड्याच्या आत होते. आधीपासूनच होते!

काका गप्प. मग म्हणाले, "परत करा." परत केलं. त्यांनी स्वतः वहीत केलं. काकू पहिल्यांदा बोलल्या, "म्हणजे तुमचं नाव राहतं ना?"

पण आम्हाला टॅक्सचा सल्ला द्यायची परवानगी नाही आणि ती नसावीच, म्हणून म्हटलं तुमच्या सीपीएला, टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटला, आत्ताच्या आत्ता फोन लावा, स्पीकरवर नको, तुम्ही बोला. ३१ डिसेंबरला दुपारी सीपीए फोन उचलेल का ही धाकधूक होती पण देवाची कृपा, उचलला. काका बाहेर पॅसेजमध्ये जाऊन वीस मिनिटं बोलले. मधे मी दुसऱ्या एका बाईंचे कागद स्कॅन केले, काकूंना चहा दिला. परत आले तेव्हा वहीत नवीन पान सुरू झालेलं. आकडा बरोबर आहे असं सीपीएने सांगितलं, पण अडीच-तीन हजारांचं अंतर फार कमी, एखादं जास्तीचं काम मिळालं तर वर्षाच्या शेवटी कड्याखाली, म्हणून पाच हजार ट्रॅडिशनल आयआरएत, म्हणजे स्वतःच्या निवृत्तीच्या खात्यात, टाका म्हणाला. बँकेत सेव्हिंगला पडलेत त्यातलेच टाकायचे, एका खिशातून दुसऱ्या खिशात, तेवढं इन्कममधून वजा होतं. आणि ते आजच भरायला पाहिजेत असंही नाही, २०२६ साठीचे पैसे २०२७ च्या एप्रिलमध्ये टॅक्स फाइल करेपर्यंत भरता येतात. प्रीमियमचीही थोडी वजावट मिळते पण त्याचा हिशोब गोल गोल फिरतो, ते मी बघेन म्हणाला.

मग अर्ज नव्याने भरला. शहात्तर हजार सातशेच्या आसपास इन्कम. ह्या पट्ट्यात २०२६ ला इन्कमच्या ९.९६ टक्के स्वतः भरायचे, म्हणजे बेंचमार्क प्लॅनला दोघांचे मिळून महिन्याला साधारण ६४० डॉलर. सबमिट केल्यावर स्क्रीनवर सबसिडीचा आकडा आला, सतराशेच्या वर, महिन्याला. काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

इथून पुढचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोकांना तेवढ्यात घरी जायची घाई झालेली असते. प्रीमियम बघून प्लॅन घेऊ नका हो! इथले बरेच प्लॅन ईपीओ आहेत, नेटवर्कच्या बाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून काहीच देत नाहीत, आणि काहींत नेटवर्कच्या आतही टियर असतात, तोच डॉक्टर एका प्लॅनमध्ये टियर वन आणि दुसऱ्यात टियर टू. काकूंच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं नाव प्रत्येक प्लॅनमध्ये शोधलं. एका स्वस्त प्लॅनच्या यादीत ते दिसत होते, तरी मी काकूंना क्लिनिकला फोन करून विचारायला लावलं, तर रिसेप्शनवरची म्हणाली आम्ही तो घेत नाही. डिरेक्टरीवर भरवसा ठेवून चालत नाही, फोन करायचाच. मग इंजेक्शन, नुसतं नाव यादीत आहे एवढ्याने भागत नाही, कुठल्या टियरला आहे, आधी परवानगी लागते का, आधी दुसरं स्वस्त औषध घेऊन बघा असं म्हणतात का. एका प्लॅनमध्ये नेमकं तेच म्हणत होते. दोन वर्षं कणीक न मळता आलेल्या बाईला परत पहिल्यापासून सुरू करा म्हणायचं!

आणि नवरा-बायकोने एकच प्लॅन घ्यायला पाहिजे असं काही नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सबसिडी दोघांची मिळून येते, पण प्लॅन वेगळे घेता येतात. हे मी मांडलं आणि ते दोघं आपसात बोलले, मराठीत, मधेच काकू चिडल्या, "माझाच भारी कशाला, तुम्हालाही बीपी आहे." शेवटी काकूंसाठी गोल्ड (हप्ता जास्त, उपचाराच्या वेळी खिशातून कमी), ज्यात त्यांचे डॉक्टर आणि इंजेक्शन दोन्ही नीट बसत होतं, आणि काकांसाठी ब्रॉन्झ, म्हणजे त्याच्या उलट. ब्रॉन्झचा डिडक्टिबल, म्हणजे कंपनी द्यायला लागायच्या आधी स्वतः भरायची रक्कम, मोठा, पण वर्षातून एकदा तपासणी फुकट आणि मोठं काही झालंच तर एका माणसाचा नेटवर्कमधला स्वतःचा खर्च २०२६ ला १०,६०० च्या वर जाऊ शकत नाही, कायद्यानेच. दोघांचं मिळून सहाशे वीस-पंचवीस. गेल्या वर्षीएवढंच की!

फोनवर आलेल्या एका स्कीमबद्दलही काकांनी जाता जाता विचारलं, दोघांना चारशे डॉलरमध्ये "सेम ओबामाकेअर" (मार्केटप्लेसवरच्या प्लॅनना लोक हेच म्हणतात). दवाखान्यात एक दिवस राहिलात तर इतके डॉलर असं ठरावीक रक्कम देणारं ते काहीतरी होतं, जुना आजार चालत नाही. २०१४ पासून खऱ्या प्लॅनला जुना आजार बघून नकार देताच येत नाही, तुमचा आजार विचारला की समजायचं हे ते नव्हे. काकांनी तो नंबर तिथेच ब्लॉक केला.

प्लॅन निवडला की झालं असंही नसतं, पहिला हप्ता कंपनीला गेल्याशिवाय कव्हरेज सुरूच होत नाही, म्हणून दोन्ही कंपन्यांचे हप्ते माझ्यासमोरच कार्डाने भरायला लावले आणि कन्फर्मेशन प्रिंट करून दिलं. घड्याळात साडेचार वाजले होते, "पाच मिनिटांचं काम"!

निघताना एक गोष्ट दोनदा सांगितली. आतापर्यंत अंदाज चुकून सबसिडी जास्त घेतली गेली तर परत करायच्या रकमेला बऱ्याच लोकांसाठी मर्यादा होती. २०२६ पासून ती मर्यादा नाही. वर्षाच्या शेवटी इन्कम ८४,६०० च्या वर गेलं तर केंद्राची वर्षभराची सगळीच सबसिडी परत, वीस हजारांच्या वर. म्हणून काम वाढलं, डबे वाढले, तर लगेच अर्जात आकडा बदलायचा आणि सीपीएला सांगायचं. काकांनी वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने तिथेच उभे राहून आखले. जूनच्या रकान्यात माझ्या ऑफिसचा नंबर लिहून घेतला, अर्ध्या वर्षाचा हिशोब घेऊन येतो म्हणाले.