छत्रीच्या कळ्या

शनिवार, रात्र

नवऱ्याची काळी छत्री आज अखेर गेली. पोवई नाक्यावर वाऱ्याने उलटी झाली, दोन काड्या मोडल्या आणि मोडता मोडता कापडाला दोन ठिकाणी फाडून गेल्या. मे महिन्यात 'छत्री दुरुस्तीऽऽ' म्हणून दारावरून ओरडत जाणारा माणूस ऐन जुलैत कुठे सापडायचा? सांगाडा भंगारात काढला, कापड टाके उसवून ठेवून घेतलं.

"याचं आता काय?" नवरा.

"पिशवी."

तो काही बोलला नाही. पण ज्या प्रकारे बोलला नाही, ते मला कळलं.

पिशवी खरोखरच हवी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून घरात पिशव्यांचा नुसता डोंगर झालाय. त्यातल्या निम्म्या त्या दुकानात मिळणाऱ्या, मऊ, कापडासारख्या. पण त्या विणलेल्या नसतातच. पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे पुन्हा प्लॅस्टिकच, आणि बंदीच्या यादीत त्याही होत्या. खऱ्या कापडाच्या ज्या आहेत त्यांची पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. मंडईतली मेथी-कोथिंबीर मातीसकट भिजलेली. ती पिशवीत, पिशवी स्कूटरच्या हुकाला, आणि घरी येईपर्यंत चिखलपाणी माझ्या सलवारीवर. शिवाय साताऱ्याचा पाऊस. एकदा ओली झालेली पिशवी तीन दिवस वाळत नाही, चौथ्या दिवशी कुबट वास. म्हणजे अस्तर हवं, आणि तेही पाणी न पिणारं.

छत्रीचं कापड जमिनीवर पसरलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की छत्रीला कळ्या असतात. झग्याच्या कळ्या असतात तशाच. आठ. प्रत्येक खाली सोळा इंच, टोकापर्यंत तेवीस. आजवर छत्री ही मला एक गोल वस्तू वाटायची.

रविवार

बाहेरच्या बाजूला सोलापुरी चादर घेतली. जुनी चादर मधोमध विरते, कडांना मात्र काही होत नाही. माणूस मध्ये झोपतो म्हणून असेल. त्या कडेतून १६ बाय १७ इंचांचे दोन तुकडे निघाले.

मावशीला सोलापूरला फोन केला. आयुष्यभर तिने परकर-पोलकी शिवली. "अस्तर बाहेरच्याच मापाचं काप," ती म्हणाली, "पण शिवताना दोन्ही बाजूंना दोन सूत जास्त आत घे. नाहीतर आत घोळ होतो." दोन सूत म्हणजे पाव इंच. आत बसायचं म्हणजे बाहेरच्यापेक्षा थोडं लहान व्हावंच लागतं. कालपर्यंत मी अस्तर नेमकं त्याच मापाचं शिवत होते आणि पिशवीच्या तळाशी ते पोतेऱ्यासारखं का गोळा होतं याचा विचार करत होते.

मग कळ्या. एक सुलटी, एक उलटी, पुन्हा एक सुलटी अशा तीन शेजारी ठेवल्या की त्रिकोणांचा पट्टा होतो आणि त्यातून १६ बाय १७ चा चौकोन आरामात निघतो. दोन बाजूंना सहा कळ्या. फाटलेल्या दोन राहिल्या बाजूला. हिशोब इतका चपखल बसला की मी उठून नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "छान."

एक खोच मात्र होती. कळीच्या कडा सरळ नसतात, किंचित फुगीर असतात. म्हणून तर छत्री घुमटासारखी ताणून बसते. तशाच जोडल्या असत्या तर पिशवीला आतून पोट सुटलं असतं. पट्टी आणि साबणाची चिपटी घेऊन सगळ्या कडा सरळ केल्या. काळ्यावर साबण फार छान दिसतो. खडूपेक्षा बरा.

आणि एका कळीला छत्री गुंडाळून बांधायची ती बटणाची पट्टी होती. कापून टाकणार होते. मग ठेवली. ती कळी तोंडाशी येईल अशी मांडली.

मंगळवार

सोमवारी ऑफिस. आज संध्याकाळी आईचं पायमशीन उघडलं. पट्टा सैल झालाय, पावसाळ्यात चामडं सैल पडतंच. बोटभर कापून परत हूक घातला.

छत्रीच्या कापडाशी वागायला वेगळी रीत लागते. टाचण्या लावायच्या नाहीत. जिथे टाचणी तिथे भोक, आणि ते भोक बुजत नाही. सुती कापडात टाका उसवला की धागे परत जवळ येतात, इथे नाही. म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. सुई अकरा नंबरची, बारीक. टाके मोठे. जवळजवळ टाके घातले तर भोकांची रांग होते आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. टेन्शन सैल केलं (मशीनचं). तरी कापड पायाखालून घसरत होतं. शेवटी दोन्ही थरांच्या खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून शिवलं आणि मग कागद फाडून काढला. हे मावशीने सांगितलेलं नाही, माझं मला सुचलं, म्हणून लिहून ठेवते.

चादरीला अठरा नंबरची सुई. बुडाचे कोपरे: बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून कोपऱ्याचा त्रिकोण पाडायचा आणि तीन इंचांची आडवी टीप मारायची. पिशवीला बूड येतं, ती उभी राहते. पण तिथे चादरीचे चार थर येतात. पाय मारला की मशीन गुरगुरतं आणि थांबतं. हातचाक हाताने फिरवत, एकेक टाका. खट्. खट्. खट्. दोन कोपऱ्यांना पंधरा मिनिटं. तेवढी पंधरा मिनिटं ऑफिसमधलं काहीही आठवलं नाही.

बुधवार, फार उशीर

आजचा दिवस लिहावा की नाही.

सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते. एका बाजूला तांबड्यावर पांढरं फूल, तर दुसऱ्या बाजूला तेच फूल तांबडं, पांढऱ्यावर. हे मला लहानपणापासून माहीत आहे. लहानपणी आम्ही भावंडं रोज रात्री चादर उलटी करून 'आज नवीन चादर' म्हणायचो. आणि तरी. पिशवी उलटवून पाहिली तर पुढची बाजू तांबडी, मागची पांढरी.

हे एक वेळ राहू दे. खरी गंमत बंदांची झाली.

बंद नवारीचे केलेत. माळ्यावर आजोबांच्या पलंगाची नवार होती, ती मधोमध दुमडून, कडेला टीप मारून, चोवीस-चोवीस इंचांचे दोन. आता रीत अशी: अस्तराची पिशवी उलटीच ठेवायची, चादरीची सुलटी करून तिच्या आत घालायची, मध्ये बंद, आणि तोंडाला सगळीकडून टीप. अस्तराच्या तळाला पाच इंच उघडं सोडलेलं असतं, त्यातून अख्खी पिशवी बाहेर ओढायची. वासरू जन्मावं तशी बाहेर येते. मग ती फट बुजवायची.

फट सोडायला मी विसरले नव्हते. मावशीने तीनदा बजावलं होतं. ओढली पिशवी बाहेर, झटकली, आणि बंदच नाहीत!

बंद होते. आत. चादर आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत. चाचपलं की हाताला लागत होते. पिशवी शिवताना बंदांची टोकं तोंडाच्या कडेशी आणि मधला भाग खाली लोंबता ठेवायचा असतो, मी तो वर ठेवला. कारण बंद वर असतात. पिशवी हातात घेतल्यावर असतात ना वर? डोक्याने तेवढाच विचार केला.

मावशीला रात्री साडेदहाला फोन. ती हसली, आणि बराच वेळ हसली. "अगं, आत्ता जे वर दिसतंय ते उलटवल्यावर आत जाणार. तू पिशवीकडं बघून शिवू नको. उलटवल्यावर काय होईल तिकडं बघ." मग म्हणाली, "आमच्याकडं ऊन आहे बघ, चक्क." सोलापूरकरांना पावसाळ्यात हे सांगण्यात काय आनंद असतो कोण जाणे.

तोंडाची टीप चार ठिकाणी उसवली. ब्लेडने, टाका टाका. चादर काही बोलली नाही. छत्रीच्या कापडावर मात्र भोकांच्या चार बारीक रेघा राहिल्या, दिव्यासमोर धरलं की दिसतात, चाळणीसारख्या. तोंडाशी आहेत म्हणून चालेल. तळाशी असत्या तर रडले असते.

तांबड्या-पांढऱ्याचं मात्र उसवलं नाही. मुलीला विचारलं तर म्हणे, "मुद्दाम केलंय असंच सांग ना." आता तसंच सांगणार आहे.

गुरुवार

बंद नीट लावले. प्रत्येक टोकाला चौकोन आणि आत फुली. ओझं तिथेच येतं. फट बुजवली, अस्तर आत लोटलं, तोंडाला वरून एक टीप. दोन सूत जास्त आत घेतल्याचा गुण लगेच दिसला. अस्तर आत ताठ बसलंय, कुठे घोळ नाही.

मग मोरीत नेऊन एक तांब्या पाणी ओतलं. कापडातून एक थेंब नाही. शिवणीतून मात्र थेंब, थेंब, थेंब. टाका म्हणजे भोक, त्याला काय करणार. आतून शिवणींवर मेणबत्ती घासली, थोडं कमी झालं. पाणी भरून न्यायचंच नाहीये म्हणा.

शनिवार

मंडई. दोन जुड्या मेथी, एक अळू, अर्धा किलो गवार, भिजलेलं आलं. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी जुडी टाकायला पिशवीचं तोंड फाकवलं आणि आत डोकावल्या. "काय अंधार आहे ओ ताई आत!"

खरं आहे. काळं अस्तर. सुटे पैसे आत टाकले ते दिसेनात, गवारीच्या शेंगांतून चाचपत बसले, मागे माणसं उभी. शिवताना एकदाही मनात आलं नाही की पिशवीत बघावं लागतं. स्कूटरची किल्ली तेवढी सापडली, कारण ती छत्रीच्या पट्टीला अडकवली होती, बटण लावून. ती पट्टी ठेवली हे या अख्ख्या उद्योगातलं माझं एकच शहाणपण, आणि तेही चुकून.

घरी आले. सलवार कोरडी. पिशवी ओट्याजवळ ठेवली, ती उभी राहिली. भाजी काढून अस्तर बाहेर ओढलं, नळाखाली माती धुतली, फडक्याने पुसलं, झालं. चादर तेवढी खालून थोडी दमट होती.

संध्याकाळी नवरा नवी छत्री घेऊन आला. दारातच उघडून झटकली, वाळायला व्हरांड्यात ठेवली आणि आत गेला. मी जाऊन कळ्या मोजल्या.

दहा आहेत.