बोलोन्याच्या चर्चमधला सूर्य

इटलीतल्या बोलोन्यातले दोन दिवस कमानींखालच्या गर्दीत संपले. लिहावंसं वाटतंय ते सान पेत्रोनिओ चर्चमधल्या २२ डिसेंबरच्या अडीच मिनिटांबद्दल.

छतात २७.०७ मीटर उंचीवर २७ मिलिमीटरचं भोक आहे, उंचीच्या हजाराव्या भागाएवढं. त्यातून उतरणारं ऊन फरशीवर सूर्याचं बिंब उमटवतं. संगमरवरात बसवलेली सुमारे ६७ मीटरची उत्तर-दक्षिण धातूची पट्टी खांबांना चुकवत तिरकी जाते. रोज मध्यान्हीला, म्हणजे सूर्य बरोबर दक्षिणेला असताना, बिंब ती ओलांडतं. जूनमध्ये बिंब ताटाएवढं, भोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून साडेदहा मीटरवर. दक्षिणायन संपताना ते पार उत्तर टोकाला पोचतं: पाऊण मीटरभर रुंद, जवळजवळ दोन मीटर लांब, फिकट, कडा पुसट. आणि सरकताना दिसतं! मिनिटाला २९ सेंटिमीटर.

घड्याळातले बारा धरून जाऊ नका. इथला मध्यान्ह सरासरी १२.१४ ला होतो. फेब्रुवारीच्या मध्यात १२.२८ च्या पुढे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही आधी. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा वर एक तास. चर्च तेव्हा उघडं असतं का, ते आदल्या दिवशी दारावर वाचा. ढग आला तर त्या दिवसापुरतं संपलं. लोक पट्टीवरच उभे राहून फोटो काढतात, त्याचा मला फार त्रास झाला.

खगोलशास्त्रज्ञ कासिनीने ही पट्टी १६५५ मध्ये आखली. काम धार्मिक होतं: ईस्टरचा रविवार वसंतविषुवानंतरच्या पौर्णिमेवर ठरतो, म्हणून विषुवदिन अचूक हवा. पण त्याला आणखी एक गोष्ट तपासायची होती. जानेवारीत सूर्य तारकांमधून भरभर सरकतो, जुलैत सावकाश. जुन्या मतानुसार हा सगळा फरक म्हणजे सूर्य जवळ-लांब असण्याचा भास. मग बिंबाचा व्यास वर्षभरात सुमारे ७ टक्के बदलायला हवा. खगोलशास्त्रज्ञ केप्लर म्हणत होता, निम्मा भास, निम्मा वेग खराच बदलतो. म्हणजे व्यासातला फरक साधारण साडेतीन टक्के. भोकाच्या रुंदीने बिंब थोडं फुगतं, तेवढं वजा करावं लागतं. कासिनीचं माप केप्लरच्या बाजूने पडलं. ज्या केप्लरचं पुस्तक १६१९ पासून चर्चच्या निषिद्ध यादीत होतं, त्याच्या! बोलोन्यावर तेव्हा पोपचंच राज्य होतं, आणि पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला शिक्षा होऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती.

अर्थात फिरतं कोण, सूर्य की पृथ्वी, हे या मापाने ठरत नाही. खरा वाद तिथेच होता. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात सूर्याला गिबोन शहरावर थांबायला सांगितलंय. जो चालतो त्यालाच ‘थांब’ म्हणतात, असा धर्मपंडितांचा मुद्दा. गॅलिलिओने १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्टिनाला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिलं, की धर्मग्रंथ सामान्यांच्या बोलीत बोलतो, त्यातून खगोलाचे सिद्धांत काढू नयेत. मला हे श्रद्धावंताचंच उत्तर वाटतं. पुढच्याच वर्षी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्तीसाठी रोखलं गेलं.

१२.१३ ला बिंबाचा मध्य पट्टीवर आला. सव्वाबाराला फरशीवर नुसती पट्टी उरली होती.