बोर्डावरचा नको असलेला डीएचसीपी सर्व्हर

लिनक्सचा छोटा बोर्ड इथरनेटने नेटवर्कला जोडला आणि थोड्याच वेळात फोन-लॅपटॉप इंटरनेटवरून गळायला लागले. वायफाय लागलेलं, पण एकही पान उघडेना. लॅपटॉपवर पाहिलं तर गेटवेच्या, म्हणजे इंटरनेटकडे जाण्याच्या वाटेच्या, जागी राउटरऐवजी बोर्डाचा पत्ता. म्हणजे राउटरबरोबर बोर्डही डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते देणारा प्रोग्रॅम, चालवून पत्ते वाटत बसला होता. पत्त्याची मागणी सगळ्या नेटवर्कवर ऐकू जाते आणि बहुतेक उपकरणं आधी येईल ते उत्तर धरतात, म्हणून काही चालू, काही बंद.

केबल काढली, सगळं पूर्ववत झालं. मग यूएसबीवरून बोर्डात शिरलो. डीएचसीपी सर्व्हर यूडीपीच्या ६७ पोर्टवर ऐकतो, त्यामुळे शोध सोपा. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, कोणता पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणारी 'एसएस' कमांड चालवली की त्या पोर्टवर बसलेल्या प्रोग्रॅमचं नावच समोर येतं. माझ्याकडे निघाला डीएनएसमास्क, डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही चालवणारा छोटा प्रोग्रॅम.

सर्व्हिस सरळ बंद करून टाकावी असं वाटतं, पण तसं करू नका. यूएसबीवरून लॅपटॉपला पत्ता देणारा हाच डीएनएसमास्क होता, आणि लॉगिनची माझी वाट तीच. शिवाय तो डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं कामही सांभाळतो. म्हणून त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकच ओळ घातली: 'नो-डीएचसीपी-इंटरफेस', बरोबरचं चिन्ह, आणि पुढे इथरनेट इंटरफेसचं नाव. डीएनएसमास्कला 'टेस्ट' पर्याय देऊन फाइल तपासून घेतली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. रीस्टार्टच करावी लागते. चालू प्रोग्रॅमला नुसता हँगअप सिग्नल पाठवला तर डीएनएसमास्क कॉन्फिग फाइल पुन्हा वाचत नाही. ज्यांना यूएसबीची गरजच नाही त्यांनी सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमसीटीएल कमांडने सर्व्हिस थांबवून 'डिसेबल' करावी. नुसतं 'स्टॉप' केलं तर रीबूटनंतर ती परत उभी राहते. दुसरी एखादी सर्व्हिस तिला उठवत असेल तर मात्र 'मास्क'च करावं लागतं, म्हणजे ती कुणालाच सुरू करता येत नाही.

केबल परत लावल्यावरही एक फोन अडलेलाच होता. त्याच्याकडे जुनी लीज, म्हणजे बोर्डाने ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता, होती. लीजची निम्मी मुदत संपेपर्यंत फोन नवं काही विचारत नाही, आणि तेव्हाही आधी जुन्याच सर्व्हरला विचारतो. वायफाय बंद करून चालू केल्यावर त्याला राउटरचा पत्ता मिळाला.

शेवटी बोर्ड रीबूट केला, लॅपटॉपवर नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या टीसीपीडम्पने ६७ आणि ६८ (मागणाऱ्या उपकरणाचा) पोर्ट पाहत पत्ता नव्याने मागितला. ऑफर एकच आली, राउटरची.