कशापाशी अडलंय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि लिहायला बसल्यावर शास्त्राच्या बाईंखेरीज कुणी आठवेना. बाकी गुरुजनांनी माफ करावं. बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत सांगायला नको.

हायड्रिला या पाणवनस्पतीचा प्रयोग पुस्तकात ऑक्सिजन दाखवण्यापुरता असे. बाई बुडबुडे मोजायला लावत. बोटभर ताजी फांदी पाण्याखालीच कापायची, कापलेलं टोक वर, दिवा ४० सेंमीवर. पाच मिनिटं थांबायचं, मग मिनिटाचे बुडबुडे मोजायचे. नंतर दिवा २० वर, मग १० वर. अंतर निम्मं झालं की उजेड साधारण चौपट होतो. बुडबुडे मात्र एका आकड्यावर हटून बसत. “कशापाशी अडलंय?” बाई विचारत आणि अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालत. आकडा पुन्हा चढे. अडलं होतं कार्बन डायऑक्साइडपाशी, तो सोड्यातून मिळाला; उजेड पुरून उरत होता. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमनने १९०५ साली मांडलेला मर्यादक घटकांचा नियम तो हाच, पण नाव बाई शेवटी सांगत.

उकळून गार केलेलं पाणी घेतलं की बुडबुडे जवळपास थांबत, कारण विरघळलेला वायू उकळताना उडालेला असे. दिवा आणि चंचुपात्र यांच्या मध्ये पाण्याने भरलेली चपटी बाटली हवीच. नाहीतर पाणी तापतं, आणि वाढ उजेडाने झाली की उष्णतेने, ते कळत नाही.

आता माती परीक्षणाच्या कामात रोज तोच प्रश्न. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी पडली, की लोक युरियाची गोणी फोडतात. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, कारण झाड ते कोवळ्या पानांकडे वळवतं. लोह तसं सरकत नाही. म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहापाशी अडलंय. ते जमिनीत असतं, पण सामू (पीएच) आठाच्या वर गेला की मुळांच्या हाती लागत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, फवारणी ऊन उतरल्यावर, आठवड्याने पुन्हा. द्रावण ताजंच हवं. ठेवून तांबूस झालेलं ओतून द्यावं. जमिनीतून द्यायचं तर हिराकस शेणखतात मुरवूनच, नुसतं टाकलं की चुनखडी ते बांधून टाकते.

प्रयोगशाळेत आता प्रोजेक्टर आलाय म्हणे. बरंच झालं. पण ती चपटी बाटली कपाटात असेल, तर भंगारात घालू नका.