‘कशामुळे झाले?’ तुम्ही विचारलेत म्हणून

बडोद्यात दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, कमाटी बागेत फिरताना, गेली पंचवीस वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो: तुमच्या मुलाला हे कशामुळे झाले? त्याला ऑटिझम आहे, म्हणजे इतरांशी बोलणे-मिसळणे जन्मापासूनच वेगळे. ते सांगत बसत नाही, कारण विचारणाऱ्या सगळ्यांनी त्याला पाहिलेले आहे. एरवी मी ‘जन्मतःच आहे’ एवढे बोलून विषय बदलते. मागच्या आठवड्यात मात्र तीन वर्षांच्या एका मुलाच्या आईने हेच विचारले आणि लगेच पुढे विचारले, ‘काकू, मी नोकरी सोडू का?’ म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

1999 साली माझा मुलगा तीन वर्षांचा होता आणि मी बँकेत नोकरीला होते. आम्ही त्याला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेले. आमचा नंबर येईपर्यंत तो बाहेरच्या फरशीवर घरून आणलेली स्टीलची वाटी फिरवत होता. वाटी गरगरून मंदावू लागली की तो आडवा होऊन फरशीला कान लावायचा आणि ती पूर्ण थांबेपर्यंत हलायचा नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्याच्याकडे जेमतेम पाहिले आणि मला विचारले, ‘दिवसभर मूल कोणाकडे असते?’ सासूबाईंकडे, मी म्हणाले. ‘अंगावर किती दिवस पाजलेत?’ चार महिने, मग रजा संपली. ‘जवळ घेता का त्याला?’ खरे उत्तर असे होते की जवळ घेतले की तो अंग ताठ करून सुटू पाहायचा, आणि म्हणून हल्ली मीच त्याला कमी घेत होते. मी तेच सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि यांच्याकडे वळून म्हणाले, ‘आईची ऊब मिळाली नाही की मूल असे मिटून घेते.’ हे काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात ती वाटी मी मांडीवर धरून बसले होते. सुरसागराजवळ मुलाने माझ्याकडे न पाहता ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि त्याचे ते न पाहणे मला पहिल्यांदाच आरोपासारखे वाटले. महिनाअखेरीस मी राजीनामा दिला. पुढचे अकरा महिने मी चोवीस तास त्याच्याजवळ होते. वाटी तशीच फिरत राहिली.

चार महिने पाजले ते काही कमी नव्हते. हे मला आजही ठासून सांगावेसे वाटते, म्हणजे तो आरोप माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

डॉक्टरांनी ज्या समजुतीवर मला दोषी ठरवले ती तोवर मोडीत निघाली होती, हे मला फार उशिरा कळले. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी 1943 मध्ये 11 मुलांचे वर्णन करताना ही अवस्था उपजत असल्याचे लिहिले होते, पण पालकांच्या कोरडेपणाचाही उल्लेख केला आणि 1949 मध्ये अशी मुले जणू फ्रिजमध्ये ठेवलेली असतात अशी उपमा दिली. ब्रूनो बेटलहाइम या लेखकाने पुढे आयांवरचा हा ठपका घरोघर पोहोचवला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, कारण मेंदूत शोधा असे ठामपणे मांडले. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. 11 एकरूप, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या, जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही मुलांना ऑटिझम होता, तर 10 भिन्नरूप जोड्यांपैकी एकीतही दोघांना नव्हता. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हातची, एकाच घरातली, फरक होता तो जनुकांचा. मी त्या डॉक्टरांसमोर बसले होते तेव्हा या अभ्यासाला बावीस वर्षे झाली होती.

एवढे सोसल्यावर तरी मी सावध व्हायला हवे होते, पण झाले नाही. 2000 साली मुलगी झाली. अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांच्या 12 मुलांवरच्या 1998 मधील शोधनिबंधाने एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या, लशीमुळे ऑटिझम होतो असा संशय आणला होता. लंडनहून दिरांनी त्या बातमीचे कात्रण पाठवले आणि मी मुलीला ती लस देऊ दिली नाही. तेव्हाची मी म्हणेन की एकदा पोळलेली आई दुसऱ्यांदा धोका कसा पत्करेल? आजची मी तिला सांगते की लशीवर ठपका आला की तुझ्यावरचा उतरत होता, म्हणून तुला ते पटले. डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात 2002 मध्येच लशीचा संबंध दिसला नव्हता. 2010 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. मधल्या काळात मुलीला गालगुंड झाले आणि आठ दिवस तिला घास गिळवत नव्हता.

आज काय माहीत आहे? 2019 मध्ये पाच देशांतल्या 20 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के असल्याचा अंदाज आला. हा आकडा समाजातल्या फरकांविषयी आहे. एका मुलाचे ऐंशी टक्के रक्तातून आले आणि वीस टक्के आईने केले, असा त्याचा अर्थ नाही. एकच जनुक सापडलेले नाही, शंभरावर जनुकांचा संबंध दिसतो. काही बदल पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे येतात, तर काही बीजपेशी तयार होताना नव्यानेच घडतात, आईबापांच्या स्वतःच्या रक्तात ते नसतातच. आईबापांचे वाढलेले वय, मुदतीआधीचा जन्म, गरोदरपणी घ्यावे लागलेले व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचे औषध यांनी शक्यता वाढते. यातले बरेचसे मूल पोटात असतानाच घडते, तेव्हा रजा संपण्याचा प्रश्नही आलेला नसतो. म्हणून मागच्या आठवड्यातल्या त्या आईला मी सांगितले: नोकरी सोडू नकोस.

पण जनुकांचे नाव घेतले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माहेरकडून की सासरकडून? मी चिडते, आणि रात्री स्वतःच हिशेब मांडते. माझे मामा कोणाशी बोलत नसत, ते घड्याळे उघडून जोडत बसत.

मुलगी आता लग्नाची आहे. भावाची जनुकीय तपासणी करून घेऊ, असे ती दोन वर्षांपासून म्हणते आहे. बहुतेक घरांना त्यातून नेमके कारण मिळत नाही हे तिलाही ठाऊक आहे, तरी मिळाले तर तिला उपयोग होईल, आणि तिचे म्हणणे चूक नाही. कारण शोधून काय करायचे, असे मी तिला म्हणते, आणि हे म्हणणारी मी पंचवीस वर्षे त्याशिवाय दुसरे काही शोधलेले नाही. फॉर्म कपाटात आहे. तिने आपली सही केली आहे, यांनीही केली आहे.